आम्ही ‘लिटरली’ बुडतोय!

कळव्याच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय बत्तीस. ठाण्यातल्या मराठी शाळेत दहावी, मग बी.एस्सी., आणि गेली काही वर्षं ऐरोलीतल्या एका कंपनीत परदेशी ग्राहकांच्या सपोर्ट टीममध्ये नोकरी. जुलैतल्या एका आठवड्यात टीममधली निम्मी माणसं लोकल बंद असल्यामुळे पोहोचू शकली नाहीत आणि तक्रारींची तिकिटं, म्हणजे एकेका तक्रारीची नोंद, साठत गेली. ग्राहक कंपनीच्या अधिकाऱ्याने उशिराचं कारण विचारलं, तेव्हा यांनी घाईत मेल लिहिला: ‘वुई आर लिटरली ड्राउनिंग हिअर.’ म्हणायचं होतं, कामाखाली दबून गेलोय. त्या अधिकाऱ्याने मुंबईच्या पावसाच्या बातम्या पाहिल्या होत्या. त्याने थेट यांच्या मॅनेजरला फोन लावून विचारलं, माणसं सुखरूप आहेत ना, ऑफिसात पाणी शिरलंय का. पुढच्या मीटिंगमध्ये मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘मराठी मीडियमवाल्यांनी असे शब्द जपून वापरावेत.’ काही जण हसले. तेव्हापासून या बाई साधा मेल पाठवण्याआधीही शेजारच्या मुलीला दाखवतात. त्या विचारतात: मी तो शब्द चुकीचा वापरला का? माझं इंग्रजी मराठी माध्यमामुळे कायमचं कच्चं राहिलंय का? स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का? आणि आता नवरा म्हणतो, ‘बघितलंस ना? म्हणून मुलीला इंग्रजी माध्यमात घालू.’ यावर काय बोलू?

---

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रात तो फोन एका ओळीत उरकला आहे. मला मात्र तिथेच थांबावंसं वाटलं. परदेशात बसलेल्या एका माणसाने तुमचा मेल वाचला आणि अडलेल्या तिकिटांचं काय झालं हे विचारायच्या आधी, माणसं सुखरूप आहेत का, हे विचारलं. त्याने तुमचं इंग्रजी तपासलं नाही, तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला. आपल्याकडे पाऊस झाला की किती ग्राहक असा फोन करतात? तुम्ही हा प्रसंग शरमेच्या खात्यात टाकला आहे, आणि मला वाटतं तो तिथला नाही. त्या माणसाला दोन ओळींचा मेल टाका: त्या दिवशी चौकशी केलीत, बरं वाटलं, आम्ही सगळे ठीक होतो, पाणी फक्त कामाचं होतं. एवढं पुरे. स्पष्टीकरण देत बसू नका.

आता त्या वाक्याकडे येऊ. मराठीत तुम्ही काय म्हणाला असता? ‘कामात बुडालोय.’ यात ‘कामात’ला लागलेला ‘त’ मोठं काम करतो. कशात बुडालो ते तो सांगून टाकतो, त्यामुळे कुणी धावत होडी घेऊन येत नाही. इंग्रजीतही हीच सोय आहे: ‘ड्राउनिंग इन टिकेट्स’, ‘ड्राउनिंग इन वर्क’. तुमच्या वाक्यात हा ‘इन’ आणि त्याच्या पुढचा शब्द राहिला आणि त्याच्या जागी ‘हिअर’ आलं. हिअर म्हणजे कुठे? ऐरोलीत. खाडीच्या कडेला. जुलै महिन्यात. वाचणाऱ्याने काय समजायचं? त्याच्या जागी मी असते तर मीही फोनच उचलला असता. ‘वुई आर लिटरली ड्राउनिंग इन टिकेट्स’ असं लिहिलं असतंत तर कुणाची भुवईसुद्धा वर झाली नसती. म्हणजे ज्या शब्दावरून तुम्हाला बोल लागला त्याचा दोष निम्माच आहे. उरलेला निम्मा, तीन अक्षरी ‘हिअर’चा, कुणाच्या लक्षातच आला नाही.

आणि जागेचाही थोडा दोष. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि माणसं खरोखर बुडून गेली. मुंबईशी व्यवहार असणाऱ्या परदेशी माणसांना आपला पावसाळा ठाऊक असतो. जर्मनीतल्या किंवा कॅनडातल्या ऑफिसातून हिवाळ्यात हेच वाक्य गेलं असतं तर ते अलंकारिकच वाचलं गेलं असतं. तेच वाक्य ठाणे-नवी मुंबईतून पावसाळ्यात गेलं की बातमी होते.

तुमचा पहिला प्रश्न: शब्द चुकला का? ‘लिटरली’चा मूळ अर्थ ‘अक्षराला धरून’. लॅटिनमधल्या अक्षर या अर्थाच्या ‘लिटेरा’ शब्दापासून तो आला. एखादी गोष्ट जशी म्हटली आहे तशीच घ्या, अलंकार समजू नका, असं सांगणं हे त्याचं काम. या हिशेबाने जो बुडत नाही त्याने ‘लिटरली बुडतोय’ म्हणणं म्हणजे उलटंच झालं. मॅनेजरांच्या डोक्यात हाच नियम असणार. शाळेत अनेकांना तो शिकवला जातो आणि तो खोटाही नाही.

पण तो पूर्णही नाही. मेरियम-वेबस्टर या अमेरिकी शब्दकोशाने १९०९ पासून या शब्दाचा दुसरा अर्थ दिला आहे. साधारण ‘म्हणजे जवळजवळ तसंच’, जोर देण्यासाठी. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाने २०११ च्या सुधारणेत हा जोर देणारा वापर बोलीतला म्हणून नोंदवला. २०१३ मध्ये ते वर्तमानपत्रांच्या ध्यानात आलं आणि इंग्लंड-अमेरिकेत भाषा बुडाली म्हणून मोठा गहजब झाला. तो गहजब करणारे आणि तो शब्द तसा वापरणारे, दोघंही जन्मापासून इंग्रजी बोलणारे होते. त्यात मराठी शाळेतलं कुणी नव्हतं.

वापर तर शब्दकोशाच्याही आधीचा आहे. १७६९ साली छापलेल्या एका इंग्रजी कादंबरीत ‘लिटरली’ असाच अलंकारिक अर्थाने आलेला आहे आणि कोशकार तो दाखला नेहमी देतात. मार्क ट्वेन या अमेरिकी लेखकाने १८७६ मध्ये आपल्या कादंबरीतला टॉम सॉयर हा मुलगा संपत्तीत ‘लिटरली’ लोळत होता असं लिहिलं. ती संपत्ती म्हणजे काय, तर गोट्या, पतंग आणि असंच किडूकमिडूक. उलट बाजूही तितकीच जुनी. मेरियम-वेबस्टरने तो अर्थ कोशात घेतला त्याच वर्षी, १९०९ मध्ये, अँब्रोज बिअर्स या अमेरिकी लेखकाने ठणकावून लिहिलं की अतिशयोक्ती करणं वाईटच, पण ती खरी आहे असं ठासून सांगणं सहनच होत नाही. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं हा वाद चालू आहे आणि दोन्ही बाजूंना भाषा नीट येणारी माणसं आहेत. तेव्हा ‘ही चूक आहे’ असं एका वाक्यात निकालात काढणारा माणूस भाषेबद्दल अर्धंच सांगतो.

मला बिअर्सचं म्हणणं पटतं का? पटतं, लिहिण्यापुरतं. बोलण्यात मला या शब्दाचा राग येत नाही.

कारण आपणही हेच करतो, मराठीत, रोज. ‘अक्षरशः’ हा शब्द घ्या. तोही अक्षरापासूनच आला आहे. आणि आपण म्हणतो, ‘अक्षरशः वेड लागायची पाळी आली’, ‘गर्दीत अक्षरशः चिरडून गेले’, ‘त्याने अक्षरशः जीव खाल्ला’. कुणाचा जीव कुणी खाल्लेला नसतो. यावर कुठल्या मराठी मॅनेजरने आपल्या आईला टोकल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. ‘साक्षात’ म्हणजे डोळ्यांसमोर, प्रत्यक्ष. तरी सून घरात आली की ‘साक्षात लक्ष्मी’ म्हणतो. भाषेत जोर लागतो तेव्हा माणसं खरेपणाच्या शब्दांकडेच वळतात, हे कुठल्याही भाषेत दिसतं. इंग्रजीतला ‘व्हेरी’ मुळात ‘खरा’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दातून आला, त्याच्यामागे लॅटिनमधला ‘वेरुस’ आहे. आज ‘व्हेरी गुड’ म्हणताना खरेपणा कुणाच्या मनातही नसतो. ‘रिअली’चंही तेच होत चाललं आहे. ‘लिटरली’ त्याच वाटेवर आहे, फक्त अजून अर्ध्या रस्त्यात. म्हणून त्याच्यावरून भांडणं होतात आणि ‘व्हेरी’वरून होत नाहीत.

मराठीने मात्र एक चांगली सोय करून ठेवली आहे, ती तुम्ही इंग्रजी लिहितानाही वापरू शकता. आपल्याकडे ‘अक्षरशः’ जोरासाठी झिजला, पण ‘शब्दशः’ झिजला नाही. ‘त्याचं बोलणं शब्दशः घेऊ नकोस’ यात अजूनही फक्त एकच अर्थ आहे. मेलमध्ये ‘लिटरली’ टाईप करण्याआधी स्वतःला विचारा, मला इथे ‘शब्दशः’ म्हणायचंय की ‘अक्षरशः’? ‘शब्दशः’ असेल तर बेलाशक लिहा. ‘अक्षरशः’ असेल तर लिहिण्यात सोडून द्या, बोलण्यात खुशाल ठेवा. ‘चक्क’ बसत असेल, तरीही लिहा. ‘चक्क’ म्हणजे घडलं ते खरं आहे, फक्त विश्वास बसत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्याच्या कोरम मॉलमध्ये बिबट्या शिरला होता. वन खात्याच्या माणसांनी नंतर त्याला बेशुद्ध करून पकडलं. ‘अ लेपर्ड लिटरली वॉक्ड इंटू अ मॉल’ हे वाक्य बिअर्सलाही मान्य झालं असतं.

ठाणे-वाशी लोकलमध्ये हा फरक अगदी जवळून ऐकायला मिळतो. मागे एक कॉलेजची मुलगी दाराशी उभी राहून फोनवर सांगत होती, ‘अगं मी लिटरली मेले आज! मी त्यांची नक्कल करत होते आणि सर लिटरली माझ्या मागे उभे!’ एकाच दमात दोन ‘लिटरली’. पहिला जोराचा. दुसरा अगदी नेमका, कारण ‘मागे उभे’ म्हणजे पाठिंब्याला उभे असाही अर्थ होऊ शकतो आणि इथे सर खरोखरच पाठीमागे होते. तिला व्याकरण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण कान तयार होता. तिच्या मैत्रिणीलाही दोन्ही अर्थ बरोबर कळले असणार. आवाज होता, हसणं होतं, ओळख होती. मेलमध्ये यातलं काहीच नसतं, म्हणून लिहिताना जास्त जपायचं.

जपायला मी सांगते त्याचं आणखी एक कारण आहे आणि ते मला शिष्टाचारापेक्षा मोठं वाटतं. पारसिकच्या डोंगरउतारावर, कळवा-मुंब्र्याच्या बाजूला, पावसाळ्यात जमीन खचते. तिथल्या एखाद्या बाईने शेजारणीला सांगितलं, ‘अक्षरशः पायाखालची जमीन सरकली’, तर शेजारीण काय समजेल? धक्का बसला असेल, पोराचा निकाल वाईट लागला असेल. त्या बाईला मग हाताने दाखवून सांगावं लागेल, अगं खरंच, भिंतीला तडा गेलाय, चल. जो शब्द ‘हे खरं आहे’ म्हणण्यासाठी होता तो नेमक्या गरजेच्या वेळी निकामी होतो. तुमच्या बाबतीत उलटं झालं. तुमचा शब्द निकामी नव्हता, समोरच्याने तो पूर्ण किमतीला घेतला. पुढच्या पावसाळ्यात तुमच्या ऑफिसच्या तळमजल्यावर खरोखर पाणी शिरलं आणि तुम्ही तसं कळवलंत तर त्याला क्षणाचीही शंका येऊ नये, इतकी तुमच्या मेलची पत हवी. त्यासाठी हा शब्द राखून ठेवायचा.

मग कामाखाली दबलो असताना काय लिहायचं? आकडा लिहा. ‘आज सकाळपासून १४० तिकिटं उघडी आहेत, आम्ही सातपैकी तिघेच पोहोचलो आहोत, ठाण्यापुढे गाड्या बंद आहेत. संध्याकाळी सहापर्यंत सगळ्यात तातडीची तिकिटं संपवू, बाकीची उद्या.’ हे साध्या इंग्रजीत उतरवा. यात ‘लिटरली’सारखा एकही शब्द नाही आणि वाचणाऱ्याला तुमची दैना ‘लिटरली’पेक्षा जास्त कळते, शिवाय त्याला पुढे काय करायचं तेही कळतं. आकडा नसेल तर ‘ऑल्मोस्ट’ किंवा ‘प्रॅक्टिकली’ लिहा. दोन्हींचा अर्थ ‘जवळजवळ’, त्यामुळे कुणी फसत नाही. ‘द टीम इज प्रॅक्टिकली अ‍ॅट अ स्टँडस्टिल’ हे नीट वाक्य आहे.

या निमित्ताने बाकीच्या भावंडांबद्दलही सांगते, कारण ऐरोली-महापे-घणसोलीच्या ऑफिसांमध्ये काम करणाऱ्या अनेकांची पत्रं याच अंगाने येतात. ‘लिटरली’पेक्षा मला ‘अ‍ॅक्च्युअली’ची काळजी जास्त वाटते. आपण तो वाक्याच्या सुरुवातीला घसा खाकरल्यासारखा वापरतो: ‘अ‍ॅक्च्युअली, मला एक विचारायचं होतं.’ आपल्या कानाला त्यात काही गैर नाही, उलट थोडा अदबीचाच वाटतो. इंग्रजीत मात्र ‘अ‍ॅक्च्युअली’ बऱ्याचदा समोरच्याची समजूत दुरुस्त करतो: तुम्हाला वाटतं तसं नाही, खरं असं आहे. ग्राहकाने विचारलं, ‘फाइल पाठवली का?’ आणि तुम्ही लिहिलंत, ‘अ‍ॅक्च्युअली, वुई सेंट इट ऑन मंडे’, तर त्याला ते ‘सोमवारीच पाठवली होती, बघितली नाहीत वाटतं’ असं टोचू शकतं. नुसतं ‘वुई सेंट इट ऑन मंडे’ पुरतं. ‘ऑनेस्टली’चंही तसंच. वरिष्ठाला लिहिताना ‘ऑनेस्टली’ आलं की बाकीचा मेल कसा लिहिला होता असा प्रश्न पडतो. ‘बेसिकली’ निरुपद्रवी आहे, पण दर वाक्यात आला तर ऐकणारा तो मोजायला लागतो. हे शब्द सोडायचे कसे? सोडायला जाऊ नका. मेल लिहून झाला की पाठवण्याआधी फक्त हे चार शब्द शोधा आणि प्रत्येक ठिकाणी तो शब्द झाकून वाक्य वाचा. अर्थ तोच राहिला तर खोडा. बदलला तर राहू द्या, तिथे तो कामाला आहे.

आता मराठी माध्यम. मराठी बोलणाऱ्याच्या इंग्रजीत मराठी दिसते का? दिसते, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. ‘आय अ‍ॅम कमिंग टुडे ओन्ली’ यातला ‘ओन्ली’ म्हणजे आपल्या ‘आजच येतेय’मधला ‘च’. आपल्याला ‘च’शिवाय जोर देता येत नाही आणि इंग्रजीत ‘च’ नाही, म्हणून आपण ‘ओन्ली’ला त्या कामाला लावतो. परदेशी माणूस तिथे अडखळू शकतो, त्याला ‘ओन्ली’ म्हणजे ‘फक्त’ वाटतं. तिथे ‘दिस व्हेरी डे’ किंवा सरळ ‘टुडे’ लिहावं. हा मराठीचा ठसा झाला, आणि गंमत म्हणजे हिंदी बोलणारे व इंग्रजी माध्यमात शिकलेलेही तो वापरतात. पण ‘लिटरली ड्राउनिंग’ या तुमच्या वाक्यात मराठीचा मागमूसही नाही. लंडनच्या किंवा शिकागोच्या ऑफिसात बसलेली मुलगी अशा घाईत हेच वाक्य लिहिते. तुम्ही तो शब्द उचललात तोही इंग्रजी कार्यक्रम आणि सहकाऱ्यांच्या बोलण्यातून, शाळेच्या पुस्तकातून नाही. तुमच्या मॅनेजरांनी चुकीच्या शाळेला दोष दिला आहे.

त्यांच्याशी बोला. ग्रुपवर नको, मेलवरही नको, केबिनमध्ये पाच मिनिटं मागून घ्या. आधी कामाचं बोला, कारण त्यांची अडचण खरी होती, फोन त्यांना घ्यावा लागला. ‘सर, त्या मेलमधलं वाक्य दोन्ही अर्थांनी वाचता येत होतं. पुढच्या वेळी मी आकडे देईन.’ मग थांबा, आणि तितक्याच शांतपणे म्हणा, ‘पण माझ्या शाळेचा उल्लेख सगळ्यांसमोर झाला, तो मला लागला. काही दाखवायचं असेल तर मला एकटीला सांगा, मी नक्की सुधारेन.’ एवढंच. शब्दकोश, १९०९, मार्क ट्वेन यातलं काही तिथे काढू नका. ते तुमच्या मनाला उभारी यावी म्हणून मी सांगितलं, त्यांना हरवण्यासाठी नाही. शब्दावरून वाद जिंकलात तरी बोलणं शब्दापाशीच राहील आणि मूळ दुखणं, म्हणजे चारचौघांत झालेला अपमान, बाजूला पडेल. ते चांगले असतील तर ओशाळतील. नसतील आणि पुन्हा तेच बोलले, तर त्या दिवशीची तारीख, शब्द आणि कोण हजर होतं ते वहीत लिहून ठेवा आणि एचआरकडे जा. माध्यमावरून, गावावरून, बोलण्याच्या ढंगावरून माणसाला खाली दाखवणं हा मीटिंगचा विषय असू शकत नाही, आणि हे तुमच्यासाठीच नाही, तुमच्या टीममध्ये उद्या रुजू होणाऱ्या मुरबाडच्या किंवा साताऱ्याच्या मुलासाठीही बोलायला हवं.

शेजारच्या मुलीला प्रत्येक मेल दाखवणं मात्र आजपासून बंद करा. ती चांगली आहे, पण तिच्या होकारावाचून तुमचा हात ‘सेंड’वर जाणार नाही ही सवय वाईट. अवघड मेल असेल, वाद होण्यासारखा, तर दाखवा. रोजचे नाही.

मुलीच्या शाळेबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण तो निर्णय तुम्हा दोघांचा आहे. मराठी माध्यम की इंग्रजी, यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं खूप आहे: जवळची शाळा कोणती, तिथले शिक्षक कसे, वर्गात किती मुलं, घरी अभ्यास कोण घेणार, मुलगी कुठे खुलते. यातल्या एकाही गोष्टीचा जुलैतल्या त्या मेलशी संबंध नाही. नवऱ्याला तेवढंच सांगा: शाळेवर जरूर बोलू, पण माझी ती चूक पुरावा म्हणून मांडायची नाही. पुढच्या शनिवारी दोघं मिळून घराजवळच्या दोन्ही माध्यमांच्या एकेका शाळेत जाऊन या, वर्ग बघा, बाईंशी बोला. आणि तुमचं मत मराठी माध्यमाचं असेल तर ते पडत्या आवाजात मांडू नका. मराठी शाळेतून आलेली बाई परदेशी ग्राहकांचं काम सांभाळते, हाही पुरावाच आहे आणि तो त्याच घरात राहतो.

क्लासचं म्हणाल तर, बोलताना घाबरायला होत असेल, समोर माणूस असला की शब्द सुचत नसतील, तर जरूर लावा. ठाणे स्टेशनच्या परिसरात पर्याय पुष्कळ आहेत. फी भरण्याआधी एक दिवस बसून बघायला मागा. जिथे शिक्षकच तासभर बोलतो आणि तुम्हाला पाच मिनिटं मिळतात तिथे पैसे घालू नका. पण लिहिण्यासाठी क्लासची गरज मला दिसत नाही. तुमचं मराठी पत्र इतकं स्वच्छ आहे, काय घडलं ते इतक्या क्रमाने सांगितलं आहे, की ज्याला असं लिहिता येतं त्याला दुसऱ्या भाषेतही येतं. तुमच्या इनबॉक्समध्येच चांगला शिक्षक आहे. त्या ग्राहक अधिकाऱ्याचे जुने मेल काढा. तो घाईत असताना कसं लिहितो, नाराज असताना कसं, आभार मानताना कसं, ते बघा आणि आवडलेली वाक्यं एका फाइलमध्ये उतरवून ठेवा. जोर कुठे देतो तेही पाहा. बहुतेक ठिकाणी तो जोर शब्दाने देत नसून वाक्य तोकडं करून देत असेल. महिनाभर हे करा आणि मग तुमचे स्वतःचे जुलैच्या आधीचे मेल वाचायला घ्या. त्यात दुरुस्त करण्यासारखं काय सापडतं ते मला नक्की कळवा, पुढच्या वेळी त्यातलीच दोन-तीन वाक्यं घेऊन बोलू. नाव-गाव अर्थातच येणार नाही.